एका सिलिंडरला दोन प्लग: एक निकामी झाला तर ओळखावा कसा?

भोकरदन किंवा मंठा तालुक्यातील एखादा शेतकरी दुधाच्या किटल्या बांधून मोटारसायकलीने रोज बाजारास जातो. गाडी हाक देताच सुरू होते, सपाट रस्त्यावर नीट चालते. मात्र चढावर ओढ थोडी कमी वाटते आणि पेट्रोल लवकर संपते. गाडी बंद पडत नसल्याने प्लगकडे कोणाचेच लक्ष जात नाही. गाडीच्या सिलिंडरला दोन प्लग असतील, तर पहिली शंका तेथेच घ्यावयास हवी.

अशा गाड्या आपल्या जिल्ह्यात नव्या नाहीत. बजाज कंपनीने 2003 साली पल्सर मोटारसायकलीत दोन प्लगांची रचना आणली. 2012 सालच्या पल्सर 200 एनएसमध्ये तर एकाच सिलिंडरला तीन प्लग दिले. मोटारींमध्ये ही कल्पना त्याहून पुष्कळ जुनी आहे. इटलीच्या अल्फा रोमिओने 1914 साली शर्यतीच्या मोटारीसाठी ती वापरली होती. आपल्याकडे 2003 साली आलेल्या होंडा सिटी मोटारीच्या इंजिनात चार सिलिंडरांना आठ प्लग होते. डिझेल ट्रॅक्टरला व डिझेल पंपाला मात्र स्पार्क प्लग नसतोच. त्यांत इंधन दाबाच्या उष्णतेने पेटते.

दुसऱ्या प्लगची गरज का भासावी? ठिणगी पडताच सिलिंडरातील सारे मिश्रण एकदम पेटत नाही. उसाचा फड एका कोपऱ्यास पेटविला तर आग क्रमाक्रमाने पलीकडच्या बांधापर्यंत जाते, तशीच ही ज्योत पसरते. दोन्ही टोकांस ठिणगी पडली की ज्योतीस निम्मेच अंतर तोडावे लागते. मिश्रण लवकर व पुरते जळते. पेट्रोलचे प्रमाण थोडे कमी असले तरी ते पेटते, आणि दूरच्या कोपऱ्यातील मिश्रण आपोआप भडकून होणारी ठकठकही कमी होते. होंडा सिटीच्या इंजिनात दोन्ही ठिणग्या प्रत्येक वेळी एकदमच पडत नाहीत. इंजिनाच्या वेगाप्रमाणे त्यांत क्षणाचे अंतर ठेवले जाते.

पण ह्याच सोयीत खोट आहे. एकच प्लग असता तर तो बिघडताच गाडी अडली असती. येथे जोडीदार काम रेटून नेतो, आणि नुकसान महिनोन्‌महिने खिशातून जात राहते.

पंखे फिरविणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या विमानातही प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात, तेथे मुख्यतः सुरक्षिततेसाठी. उड्डाणापूर्वी वैमानिक एकेक बाजू बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात ते पाहतो. हीच रीत दोन प्लगांच्या मोटारसायकलीस लागू करता येते.

इंजिन बंद व थंड असताना एका प्लगची टोपी काढावी. त्या टोपीत एक चांगला जादा प्लग बसवून त्याचे लोखंडी अंग सिलिंडरच्या माथ्यावरील उघड्या धातूस घट्ट टेकेल असे ठेवावे. तो हातात धरू नये. झटका जबर बसतो. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे. आता गाडी सुरू करावी. ती सुरूच झाली नाही, तर जागेवर राहिलेल्या प्लगच्या बाजूस बिघाड समजावा. सुरू होऊन फेरे किंचित उतरले, तर ठीक. काहीच फरक पडला नाही, तर ज्याची टोपी काढली तोच निकामी. जादा प्लगवर ठिणगीही दिसत नसेल, तर दोष टोपीत, तारेत किंवा कॉइलमध्ये शोधावा. मग दुसऱ्या बाजूने हेच करावे. इंजिन चालू असताना टोपी ओढून पाहण्याची काही मिस्त्रींची सवय चांगली नव्हे. त्याने कॉइल जळू शकते.

तीन प्लगांच्या गाडीची व मोटारीची तपासणी जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावी. जुनी होंडा सिटी घेतलेल्यांनी एक ध्यानात ठेवावे: पुढचे चार प्लग हातास सहज लागतात, मागचे चार अडचणीत असतात आणि पुष्कळदा तसेच राहून जातात. प्लग बदलल्यावर जुने आठही मागून घ्यावेत व मोजावेत.