‘भुवन’वरील नकाशा छापण्यापूर्वी
इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर राज्य, विषय व वर्ष निवडून भूवापराचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पाहता येतो. अनावश्यक थर बंद करावेत; रंगांच्या गर्दीत पडीक जमीन ओळखू येत नाही. या प्रमाणात कागदावरील १ सेंमी म्हणजे जमिनीवरील ५०० मीटर. १ हेक्टरचे चौरस शेत जेमतेम २ मिमी बाजूचे दिसते. पडद्यावर कितीही मोठे केले, तरी नवा तपशील मिळत नाही. त्यामुळे हा नकाशा पाणलोट आराखड्यास उपयुक्त, बांधाच्या वादात मात्र निरुपयोगी. छापताना पानाच्या मापात बसवल्यास अंकी प्रमाण चुकीचे ठरते. रेषाप्रमाण नकाशाबरोबरच आक्रसते वा वाढते. म्हणून छापील प्रतीवर रेषाप्रमाण, उत्तर दिशा, रंगसूची आणि विशेषतः नकाशाचे वर्ष असावेच.