माझी जन्मवेळ कोणती?

आमच्या निकट परिचयाचें एक एकत्र कुटुंब आहे. गेल्या माघांत तेथें थोरल्या नातवाची मुंज ठरली आणि मुहूर्त काढण्यासाठीं पत्रिकांचें जुनें बाड माळ्यावरून खालीं आलें. तो ढीग पाहून घरांतील नऊ वर्षांच्या नातीनें साहजिकच विचारलें, "आजी, माझी पत्रिका ग कुठें आहे? मी किती वाजतां जन्मलें?" आजी चटकन् म्हणाल्या, "पहांटे." नेमका त्याच क्षणीं स्वयंपाकघरांतून काकूंचा आवाज आला, "दिवेलागणीला ग!" मुलगी एकदां इकडे, एकदां तिकडे पाहत राहिली आणि मग कांहीं न बोलतां अंगणांत निघून गेली.

ही मुलगी तीन महिन्यांची असतांना एका संस्थेंतून दत्तक आणलेली आहे. घरांतील तेरा माणसांस ही गोष्ट ठाऊक. चौदाव्या माणसास, म्हणजे खुद्द तिला, तेवढी ठाऊक नव्हती.

त्या रात्रीं मुलें निजल्यावर वडील मंडळींची बैठक बसली. आजोबांचें म्हणणें, मुलगी सज्ञान झाल्यावर सांगावें. आजींचें म्हणणें, सांगूंच नये. भरल्या ताटांत माती कां कालवा? मुलीची आई मात्र रडवेली होऊन एवढेंच विचारीत होती कीं, उद्यां तिनें पुन्हां विचारलें तर मीं कोणती वेळ सांगूं? आम्ही त्या दिवशीं तेथेंच मुक्कामास होतों. आमचें मत विचारण्यांत आलें तेव्हां उपदेश करण्याऐवजीं आम्हीं एका परदेशी गवयाची हकीकत सांगितली. योगायोग असा कीं, तिचाही उगम याच प्रश्नांत आहे.

डॅरिल मॅकडॅनियल्स हें त्या गृहस्थांचें नांव. जन्म १९६४ सालचा, न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम भागांतला. वाढले ते त्याच शहरांतील क्वीन्स विभागांत, हॉलिस नांवाच्या वस्तींत. तेथील जोसेफ सिमन्स व जेसन मिझेल या दोन मित्रांबरोबर त्यांनीं 'रन-डीएमसी' ही मंडळी काढली. 'गवई' हा शब्द लिहितांना आमच्या संगीतप्रेमी वाचकांची क्षमा मागितली पाहिजे. कारण या मंडळींचा प्रकार रॅपचा. त्यांत आलाप नाहीं, तान नाहीं. ठेका घट्ट धरून त्यावर शब्द झपाझप फेकावयाचे. डफ-तुणतुण्यावर पोवाडा म्हणणाऱ्या शाहिरास मात्र त्यांतील जोर तत्काळ ओळखूं येईल. १९८४ सालीं निघालेला त्यांचा पहिला संग्रह अमेरिकेंत 'सुवर्ण' मान मिळविणारा रॅपचा पहिलाच संग्रह ठरला, आणि १९८६ च्या 'रेझिंग हेल'नें त्यांची कीर्ति जगभर पोंचविली. काळी हॅट, आदिदासचे नाड्या न बांधलेले बूट आणि आवेशाची बोली यांचें तेव्हांच्या तरुणांस असें वेड लागलें होतें कीं, आपल्याकडेही ज्यांचें तारुण्य त्या दशकांत गेलें त्यांपैकीं कांहींस तें आठवत असेल.

परंतु कीर्ति आणि समाधान हीं दोन्हीं एका घरीं नांदतातच असें नाहीं. पुढच्या दशकांत मॅकडॅनियल्स यांच्या कंठास स्नायूंचा एक विकार जडला व ज्या आवाजावर सारें उभें होतें तो आवाजच फुटूं लागला. दारूनेंही घेरलें होतें. पैसा, पत्नी, मुलगा, मान असें सर्व असतांना आंत कांहींतरी रितें आहे, आणि तें काय हें मात्र कळत नाहीं, अशा अवस्थेंत जीव नकोसा होण्यापर्यंत मजल गेली. हें त्यांनीं स्वतःच पुढें अनेकदां सांगितलें आहे व २०१६ सालच्या आपल्या आत्मकथनांत लिहिलेंही आहे. अशा काळांत मोटारींतून जातांना त्यांच्या कानीं एक गाणें पडलें. सारा मॅक्लाख्लन या कॅनडाच्या गायिकेचें १९९७ सालचें 'एंजल' तें. अगदीं संथ, पियानोच्या साथीवर म्हटलेलें. रन-डीएमसीच्या दणदणाटाशीं त्याचें दूरचेंही नातें नाहीं. पण त्या गाण्यानें त्यांस धरून ठेवलें. पुढें जवळजवळ वर्षभर ते त्या बाईंचींच गाणीं ऐकत होते, असें ते सांगतात. कोणतें औषध कोणास लागू पडेल हें वैद्यांनाही आधीं सांगतां येत नाहीं, हेंच खरें.

याच सुमारास आपलें चरित्र लिहावें असें त्यांच्या मनानें घेतलें. चरित्राचा प्रारंभ जन्मापासून. म्हणून त्यांनीं आईला दूरध्वनि केला. मी कोणत्या इस्पितळांत जन्मलों, किती वाजतां, वजन किती होतें, असे साधे प्रश्न. आईनें वेळ मारून नेली. पण पुढें लवकरच आईवडिलांनीं मिळून सांगितलें कीं, तूं आमच्या पोटचा नाहींस. महिन्याचा असतांना आम्हीं तुला घरीं आणिलें. आमचें तुझ्यावर प्रेम आहे. त्या वेळीं मुलाचें वय पस्तीस वर्षांचें होतें!

पस्तीस वर्षें. इतकीं वर्षें त्या माउलीनें ही गोष्ट पोटांत कशी ठेवली असेल, आणि मुलाच्या प्रत्येक वाढदिवशीं तिच्या काळजांत काय होत असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी. आम्ही त्या आईस दोष देण्यास धजत नाहीं. आपल्या घरांतील आजीही 'पहांटे' म्हणाल्या त्या प्रेमानेंच म्हणाल्या. परंतु मुलाच्या वाट्यास काय आलें पाहा : आपल्या रितेपणाचें कारण हेंच असावें असें त्यास एकीकडे वाटलें, आणि दुसरीकडे आजवर आपण ज्यास 'मी' म्हणत होतों तो कोण, असा प्रश्न उभा राहिला. आठव्या वर्षीं जें गोष्टीसारखें ऐकून पचलें असतें, तें पस्तिसाव्या वर्षीं आघात होऊन आलें.

दुसरा एखादा या आघातानें खचला असता. मॅकडॅनियल्स यांनीं गाणें लिहिण्याचें ठरविलें. आपल्यासारखीं मुलें असंख्य असतील, कांहींस ठाऊक असेल, कांहींस नसेल, कांहीं सरकारी व्यवस्थेंत या घरून त्या घरीं फिरत असतील, त्यांच्यासाठीं हें गाणें असावें, ही कल्पना. म्हणून गाण्याचें नांव 'जस्ट लाइक मी', अर्थात् 'अगदीं माझ्यासारखें'. त्यांत त्यांनीं स्वतःची जन्मकथा आपल्या ठेक्याच्या बोलींत सांगितली, आणि ध्रुपदासाठीं हॅरी चॅपिन यांचें १९७४ सालचें 'कॅट्स इन द क्रेडल' हें प्रसिद्ध गाणें घेतलें. मूळ गाणें आहे कामाच्या रगाड्यांत मुलाकडे पाहण्यास सवड न मिळालेल्या बापाचें. मॅकडॅनियल्स यांच्या कथेशेजारीं बसतांच तेंच ध्रुपद निराळें बोलूं लागतें. तेथें सवड नसलेला बाप होता, येथें जन्मदात्यांचा पत्ताच नाहीं. जुन्या चीजेला नव्या प्रसंगीं नवा अर्थ फुटतो, हें आपल्या कीर्तनकारांस सांगावयास नको.

हें ध्रुपद म्हणावयास त्यांनीं कोणास बोलावलें? ज्या आवाजानें आपणांस तारलें त्या सारा मॅक्लाख्लन यांसच. त्या आल्या, त्यांनीं गाइलें, आणि काम आटोपल्यावर त्या म्हणाल्या कीं, तुम्हांला एक सांगावयाचें राहिलें. मीही दत्तक मुलगीच आहें. मॅकडॅनियल्स यांस याची कल्पनाही नव्हती. कादंबरीकारानें असें लिहिलें असतें तर 'फार ओढून आणलें' म्हणून आम्हींच नाक मुरडलें असतें!

गाणें २००६ सालीं प्रसिद्ध झालें. विक्रीच्या मापानें पाहतां रन-डीएमसीच्या जुन्या यशापुढें तें कांहींच नव्हे. पण त्याच वर्षीं दूरचित्रवाणीवर त्यांच्या शोधाचा एक माहितीपटही दाखविण्यांत आला. त्यांत ते आपल्या जन्मदात्रीस शोधून काढून भेटतात. पस्तीस वर्षांचें गुपित अशा रीतीनें लक्षावधि लोकांपुढें बोललें गेलें, आणि तेंही दुबळ्या माणसाकडून नव्हे, तर ज्याच्या रुबाबाची नक्कल गल्लोगल्लीं होत असे अशा पुरुषाकडून. गाण्याचें खरें काम येथें झालें असें आम्हांस वाटतें. परिपत्रकानें माहिती मिळते. पण 'मी दत्तक आहें' हें वाक्य मान ताठ ठेवून कसें म्हणावें, हें मुलास त्याच्या आवडत्या गवयानेंच म्हणून दाखवावें लागतें.

मॅकडॅनियल्स तेवढ्यावर थांबले नाहींत. शीला जॅफी या नटनिवडीचें काम करणाऱ्या बाईंबरोबर, ज्या स्वतःही दत्तक आहेत, त्यांनीं २००६ सालींच 'फेलिक्स ऑर्गनायझेशन' ही संस्था स्थापिली. जीं मुलें आईबापांपासून दुरावून सरकारी देखरेखीखालीं परक्या घरीं राहतात त्यांच्यासाठीं ती न्यूयॉर्क राज्यांत उन्हाळी शिबिर चालविते. दत्तक गेलेल्यांना त्यांचा मूळ जन्मदाखला मिळावा, या चळवळीसही त्यांनीं आवाज दिला. दत्तक-विधान होतांच मूळ दाखला मोहोरबंद करून नवीन आईबापांच्या नांवाचा दाखला करावयाचा, असा अमेरिकेंतील बहुतेक राज्यांचा रिवाज होता. खुद्द त्या मुलास प्रौढपणींही तो पाहतां येत नसे. न्यूयॉर्क राज्यानें हा अडसर १५ जानेवारी २०२० पासून काढला. आतां अठरा वर्षें पुरीं झालेल्या कोणाही दत्तकास आपला मूळ दाखला मागतां येतो.

येथवर ऐकून आजोबा म्हणाले, "हें अमेरिकेचें झालें. आपल्यांत दत्तक काय नवें आहे?" आक्षेप योग्य होता. दत्तक आपल्यास नवें नाहींच. पण लपविणें मात्र नवें आहे. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ सालीं बडोद्याच्या गादीवर दत्तक जाऊन सयाजीराव झाले, कागलचे यशवंतराव १८८४ सालीं कोल्हापुरास दत्तक जाऊन शाहू झाले. तें सर्व वाजत-गाजत झालें. भटाभिक्षुकांच्या घरींही दत्तहोम होई तो चार आप्तेष्टांच्या समक्ष, आणि देणारा बाप पंक्तीस जेवून जाई. अर्थात् तो दत्तक गोत्रासाठीं व पिंडासाठीं होता. मुलगाच हवा, तोही बहुधा भाऊबंदांतला. मुलीस दत्तक घेण्याची सोय कायद्यानें झाली ती १९५६ सालीं. ज्या मुलाचें कूळ ठाऊक नाहीं तें मूल घरीं येऊं लागलें तेव्हां आपण दारें लावूं लागलों, कारण मुलाच्या जन्माची नव्हे, आपल्याच शेजाऱ्यांची भीति वाटूं लागली. आज आपल्या देशांत दत्तक जाणाऱ्यांत मुलांपेक्षां मुलींची संख्या अधिक असते, आणि अठरा वर्षांनंतर आपलें मूळ शोधण्यास साहाय्य मागण्याची तरतूद आपल्याही नियमांत आहे. तेव्हां मुलगी सज्ञान होईपर्यंत थांबणें म्हणजे तिनें कचेरींत जाऊन विचारण्याची वाट पाहणें होय.

आणि भीति न बाळगणारेही आपल्यांत झाले आहेतच. पुण्याच्या जोतीराव फुल्यांनीं एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, तो यशवंत. त्याचें जन्मवृत्त त्यांनीं झांकलें नाहीं. १८८७ सालच्या मृत्युपत्रांत तें उघड लिहून ठेविलें. त्या काळच्या आमच्या समाजानें त्या विधवेस आश्रय दिला नव्हता, तो फुले दांपत्यानें दिला, हेंही येथें प्रांजळपणें म्हटलें पाहिजे.

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "कृष्णाच्या पाळण्यांत देवकीचें नांव कोणी गाळीत नाहीं." आम्हांस हें सुचलें नव्हतें. गोकुळाष्टमीस आपल्या घराघरांत म्हटल्या जाणाऱ्या गीतांत दोन्ही आया असतात, आणि यशोदेचें उणें होत नाहीं. कर्णाचेंही तसेंच. युद्ध तोंडावर आलें असतां कुंती त्याच्याकडे गेली. पण जिनें दूध पाजलें ती राधाच आपली आई, या निश्चयापासून तो ढळला नाहीं. मॅकडॅनियल्स यांनींही वाढविणाऱ्या आईबापांचेंच आडनांव अखेरपर्यंत आपलें मानिलें आहे. कर्णाचें दुःख त्यास कळलें याचें नव्हे. फार उशिरां, आणि तेंही दुसऱ्यांच्या गरजेसाठीं त्यास सांगण्यांत आलें, याचें आहे.

बैठक त्या रात्रीं ठराव न होतांच उठली. चार दिवसांनीं मुलीस सांगितलें तें मात्र आजींनींच, दुपारीं वाती वळतां वळतां. मुलगी रडली नाहीं, असें तिच्या आईनें आम्हांस पुढें कळविलें. तिनें पहिला प्रश्न केला तो, "मला आणायला कोण कोण आलें होतें?" आजींनीं बोटांवर मोजून सांगितलें : आईबाबा, आजोबा, काकू, आपण स्वतः घरींच, ओवाळण्याची तयारी करीत होतों, पाऊस असा होता कीं निरांजन दोनदां विझलें. मुलीनें मग एक कोरा कागद आणविला. त्यावर काकांनीं सुवाच्य अक्षरांत तिच्या गृहप्रवेशाची तिथि, वार व वेळ, दुपारीं सव्वाचार, अशी लिहून दिली, आणि तो कागद इतर पत्रिकांबरोबर त्याच बाडांत बांधला.

बाड माळ्यावर चढवितांना तिनें पुन्हां हांक मारली. "आजी, त्या आईला माझी खरी वेळ ठाऊक असेल?"

आजी म्हणाल्या, "असेल हो. तिलाच असेल."