स्पॅनिशमधले ‘शकलो’ आणि ‘शकत होतो’

स्पॅनिशमध्ये ‘शकणे’ या अर्थाचे क्रियापद आहे ‘पोदेर’. भूतकाळातली क्षमता सांगताना त्याची दोन रूपे समोर येतात, आणि निवड चुकली की अर्थ बदलतो.

पहिले रूप ‘पोदीआ’. हे नियमित आहे. क्षमता होती, एवढेच ते सांगते. ती वापरली की नाही, हे उघडे राहते. ‘दे निन्यो पोदीआ कोर्रेर तोदो एल दीआ’ म्हणजे ‘लहानपणी मी दिवसभर धावू शकत होतो’.

दुसरे रूप ‘पुदे’. हे अनियमित: ‘पोद’चे ‘पुद’ होते. पुदे (मी), पुदिस्ते (तू), पुदो (तो/ती), पुदिमोस (आम्ही), पुदिएरोन (ते). ‘पुदे’ आणि ‘पुदो’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर येतो, नियमित क्रियापदांसारखा शेवटच्या अक्षरावर नाही. अर्थ असा, की काम एकदा प्रत्यक्ष साधले. ‘आयेर पुदे आब्रीर ला पुएर्ता’: ‘काल मी दार उघडू शकलो’. नकारात ‘नो पुदे’ म्हटले, तर बहुधा प्रयत्न करूनही जमले नाही, असा अर्थ निघतो.

मराठी माणसाला हा भेद जड जाऊ नये, कारण ‘शकत होतो’ आणि ‘शकलो’ यांत आपण तो रोज पाळतो.

एक सावधगिरी मात्र हवी. पोहण्यासारख्या शिकलेल्या कौशल्यासाठी स्पॅनिश सहसा ‘साबेर’ वापरते: ‘साबीआ नादार’, म्हणजे ‘मला पोहता येत होते’.