भुकेचा काटा

नागपुरात धंतोलीच्या एका स्थूलता-दवाखान्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक दिवस असा जातो.

सकाळी ६.००
सेमिनरी हिल्सच्या चढावर या वेळी ओळखीचे बरेच चेहरे भेटतात. हेच चेहरे खाली उतरल्यावर पोह्यांच्या गाडीवरही दिसतात. "तर्री जरा जास्त टाका जी," एवढं म्हणून होतं आणि मी दिसले की हातातली प्लेट पाठीमागे जाते. लपवायचं काहीच कारण नसतं. एका प्लेट पोह्यांनी कुणाचा मेंदू सुजत नाही.

मात्र रोजचंच खाणं तुपातेलात बुडालेलं असेल तर मेंदूला त्याची दखल फार लवकर घ्यावी लागते. २०१२ मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना अतिस्निग्ध आहारावर ठेवलं. पहिल्या तीन दिवसांतच त्यांच्या हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागात, दाहाच्या खुणा दिसल्या. वजन फारसं वाढलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. पुढे त्या खुणा ओसरल्या आणि काही आठवड्यांनी परतल्या त्या मुक्कामालाच. त्याच अभ्यासात लठ्ठ माणसांच्या एमआरआयमध्येही मेंदूच्या त्याच भागात इजेसारखे बदल आढळले. दाह आधी की लठ्ठपणा आधी, हे माणसाच्या बाबतीत एमआरआयवरून ठरत नाही. उंदरांत मात्र क्रम स्पष्ट होता.

सकाळी ९.३०
दवाखाना उघडतो. उंची, वजन आणि मग टेप. टेप काढली की पुरुष हमखास पोट आत घेतात.

पहिला नंबर चाळिशीतल्या बँक अधिकाऱ्याचा. हातपाय सडपातळ, बीएमआय २४. "मी कुठं लठ्ठ दिसतो जी?" कंबर भरली ९६ सेंटिमीटर. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० ही धोक्याची रेघ आहे, आणि बीएमआय २३ पासूनच वजन जास्त धरतात. मी त्यांना पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची गोष्ट सांगते. दोघांचा बीएमआय नेमका सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. २००४ मध्ये 'लॅन्सेट'नं दोघांचा फोटो या आकड्यांसह छापला. आपल्या लोकांची चरबी अंगावर दिसत नाही, ती पोटात आतड्यांभोवती दडून बसते.

ही चरबी नुसती साठवण म्हणून पडून राहत नाही. तिच्या पेशी फुगल्या की रक्तातल्या संरक्षक पेशी तिथे गर्दी करतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-६ यांसारखे दाहकारक रेणू सुटू लागतात. लठ्ठ उंदरांची चरबीच टीएनएफ बनवते, हे १९९३ मध्ये कळलं. इंटरल्युकिन-६ च्या इशाऱ्यावर यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेलं प्रथिन तयार करतं, आणि ते आपल्याला रक्ततपासणीत मोजता येतं. या दाहात ताप नसतो, दुखत-खुपत नाही. वर्षानुवर्षं तो मंद चालू राहतो आणि रक्तावाटे मेंदूच्या दारापर्यंत जातो.

सकाळी ११.००
पन्नाशीच्या एक ताई खुर्चीत बसायच्या आधीच सुरू होतात, "काहीच खाऊन नाही राहिले मॅडम मी, तरी वजन वाढूनच राहिलं." सोबतच्या नणंदबाई हसून माझ्याकडे पाहतात. या हसण्यावर माझा सगळ्यात जास्त वेळ खर्च होतो.

ताईंनी लिहून आणलेलं खाणं खरंच बेताचं आहे, फक्त संध्याकाळी साडेपाच ते साडेसातच्या मधलं पान कोरं. विचारलं तर डोळ्यांत पाणी येतं. त्या वेळी इतकी भूक लागते की फरसाणाचा डबा कधी रिकामा झाला, हे समजत नाही. घरचे म्हणतात, जिभेवर ताबा नाही.

ताबा जिभेवर नसतोच, तो मेंदूच्या तळाशी असतो. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधलं. साठा पुरेसा आहे, आता थांबा, असा त्याचा निरोप असतो आणि हायपोथॅलॅमस तो वाचतो. हे करता यावं म्हणून तिथल्या एका कोपऱ्यात रक्तवाहिन्यांची भिंत मुद्दाम सच्छिद्र असते. निरोप आत येतो त्याच वाटेनं दाहाचे रेणू आणि अतिरिक्त संपृक्त चरबीही येते. मेंदूतल्या पहारेकरी पेशी, म्हणजे मायक्रोग्लिया, त्यामुळे जाग्या होतात. स्पेनच्या पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये या पेशींचं वर्णन केलं होतं. संसर्ग झाला की त्या लढतात, पण इथे मारायला जंतूच नसतात आणि झळ शेजारच्या चेतापेशींना बसते. २००५ मध्ये ब्राझीलच्या काम्पिनास विद्यापीठातल्या गटानं स्निग्ध आहारावरच्या उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये हा दाह दाखवून दिला. दाह असेल तर लेप्टिन आणि इन्सुलिन या दोघांचेही निरोप नीट वाचले जात नाहीत.

मी नणंदबाईंना म्हणते, इतवारीतल्या धान्याच्या दुकानात काटाच बिघडला असेल, तर पोत्यावर पोती टाकली तरी तो वजन कमीच दाखवेल. त्याबद्दल हमालाला शिव्या देऊन काय होणार? ताईंचं शरीर साठ्यानं भरलेलं आहे आणि मेंदूला मात्र ते रिकामं वाटतं. त्यांची भूक खरी आहे.

मग कामाचं बोलतो. पाच वाजता, भूक लागायच्या आधीच, मोड आलेली मटकी आणि ताक. फरसाणाचा डबा घरात नको, तो सगळ्यांनीच बंद करायचा. ही अट नणंदबाईंसाठी असते.

दुपारी १.३०
डब्यात ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि जवसाची चटणी. कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून संत्रा बर्फीचा एक तुकडाही. काम्पिनासच्याच गटानं २०१२ मध्ये लठ्ठ उंदरांच्या आहारातली काही संपृक्त चरबी काढून त्याजागी जवसाचं आणि ऑलिव्हचं तेल दिलं, तेव्हा हायपोथॅलॅमसमधला दाह उतरला. विदर्भात जवस घरोघरी होतं. ऑलिव्ह तेलाच्या महागड्या बाटलीबद्दल विचारणाऱ्यांना मी चटणीची आठवण करून देते. त्याबरोबर हेही सांगते की समोशासोबत खाल्लेली चटणी समोसा पुसून टाकत नाही.

दुपारी ३.००
मुलगा वडिलांना घेऊन आला आहे. काका बहात्तर वर्षांचे, अलीकडे विसरायला लागले आहेत. मुलानं कुठेतरी वाचलं की लठ्ठपणानं स्मृतिभ्रंश होतो, तेव्हा बाबांचं वजन उतरवून द्या.

वाचलेलं खरं आहे, लागू चुकीच्या वयाला केलं आहे. कॅलिफोर्नियात चाळिशीच्या पहिल्या टप्प्यातल्या दहा हजारांवर लोकांची माहिती सरासरी २७ वर्षांनी तपासली गेली. चाळिशीत लठ्ठ असलेल्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका ७४ टक्क्यांनी जास्त निघाला. हा अभ्यास २००५ चा. 'लॅन्सेट'च्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं मांडली, त्यांत मध्यमवयातला लठ्ठपणा आहे. उतारवयात मात्र चित्र उलटतं. स्मृतिभ्रंश कळून येण्याच्या काही वर्षं आधीपासून वजन आपोआप घटू लागतं. काकांचा पट्टा गेल्या वर्षीपेक्षा दोन भोकं आत आला आहे. त्यांना मी उपाशी ठेवणार नाही. डाळ, दूध, अंडी वाढवते आणि न्यूरॉलॉजिस्टकडे चिठ्ठी देते. मग मुलाकडे वळते. वय ४४, पोट पुढे, रात्री घोरतो. टेप त्याच्याच कमरेला लागते.

सायंकाळी ५.००
इंजेक्शनवाल्यांची वेळ. २०२५ मध्ये मौंजारो आणि वेगोवी ही वजन घटवणारी औषधं भारतात आल्यापासून ही रांग वाढली आहे. औषध डॉक्टर लिहून देतात. खाणं घटल्यावर स्नायू झिजू नयेत म्हणून प्रथिनांचा हिशेब मी पाहते. ही औषधं भूक कमी करतात ती बऱ्याच अंशी मेंदूवरच काम करून. "मग याच्यानं अल्झायमरही थांबते का जी?" हा प्रश्न आज पुन्हा आला. मेंदूतला दाह कमी होईल या आशेनं वेगोवीतलं सेमाग्लुटाइड सुरुवातीच्या अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिलं गेलं, पण आजाराचा वेग घटला नाही, असं ते बनवणाऱ्या कंपनीनं नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. आग लागून गेल्यावरचा उपाय आणि लागू न देण्याचा उपाय एकच असेल, असं नाही.

सायंकाळी ६.३०
दहा वर्षांचा मुलगा, आई आणि आजी. आजीचं म्हणणं, पोट्टं खात्यापित्या घरचं आहे. शाळेत त्याला काय म्हणतात, ते तो खाली मान घालून सांगतो. अमेरिकेत नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूच्या एमआरआयवर २०२० मध्ये एक अभ्यास आला. खाण्यातला आनंद मोजणाऱ्या भागात पेशींची दाटी ज्यांच्यात जास्त दिसली, त्यांची कंबर वर्षभरात अधिक वाढली. ही दाटी दाहाची खूण असावी, असा संशोधकांचा अंदाज. या वयात मी वजन कमी करायला सांगतच नाही, उंची वाढू देते. रोज तासभर मैदान, टीव्हीसमोर जेवण नाही, थंड पेयाची बाटली फ्रिजमध्ये नाही. आणि घरात कुणी त्याला 'ढोल्या' म्हणायचं नाही. आजीला हे शेवटचं पटायला वेळ लागतो.

रात्री ८.००
फायली पूर्ण करते. वजन घटवण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाचा फोन येतो, "भूकच बदलली मॅडम." २०११ मध्ये काम्पिनासमध्ये अशा रुग्णांच्या हायपोथॅलॅमसचं काम शस्त्रक्रियेनंतर पुन्हा तपासलं होतं. ते सुधारलं होतं, पण पूर्ण नाही. मी त्यांना तेवढंच सांगते. काटा बराचसा सरळ होतो. पुन्हा वाकू नये म्हणून चालणं, झोप आणि ताट सांभाळायचं.

आमच्या फाईलमध्ये पूर्वी एक रकाना होता, 'पथ्य पाळले : होय / नाही'. आता तिथे छापलंय, 'भूक कधी लागते, किती?' 'नाही'वर खूण करावी लागेल म्हणून जे पुढची तारीखच चुकवायचे, ते आता येतात, आणि उपचार आलेल्यांवरच करता येतो.