चहा, चाय, टी : मूळ अक्षर एकच

हैद्राबादच्या मराठी घरांत एक लटका वाद अधूनमधून रंगतो. आजी 'चहा' म्हणते, उर्दूच्या सहवासाने मुले 'चाय' म्हणतात आणि तेलुगू मित्रमंडळींत त्याचाच 'टी' होतो. मग कोणीतरी वडीलधारे बजावतात, "घरात शुद्ध मराठी बोला." हा खटला चालविण्यापूर्वी मूळ दस्तऐवज पाहावा, असे आम्हांस वाटते. तो म्हणजे चिनी लिपीतील एक अक्षर.

त्यात वर गवताची खूण, मध्ये माणसासारखी आकृती आणि खाली झाड दिसते. 'गवत आणि झाड यांमधला माणूस' असा त्याचा अर्थ पुष्कळजण सांगतात. कल्पना रम्य आहे, पण मागाहून सुचलेली. मूळ अक्षरात एक रेघ अधिक होती, आणि खालचा भाग केवळ उच्चार सुचवीत असे. अर्थ होता कडू पालेभाजी! चहाचे झुडूपही त्याच अक्षराने दाखवीत. आठव्या शतकात लू यू याने चहावर ग्रंथ लिहिला, त्या सुमारास ती रेघ गळून चहाचे स्वतंत्र अक्षर रूढ झाले.

उच्चाराची कथा याहून चित्तवेधक आहे. चिनी अक्षर आपला ध्वनी उघड सांगत नाही. मग प्राचीन उच्चार कळावा कसा? येथे आपली संस्कृत साक्षीस येते. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत नेताना पंडितांनी 'मंडल' आणि 'कुंडली' यांतील 'ड'साठी तेच अधिक रेघेचे जुने अक्षर योजिले. चहाचा तत्कालीन उच्चार 'ड्रा'च्या आसपास होता, असे भाषाशास्त्रज्ञही मानतात.

पुढे बहुतेक चिनी बोलींत या 'ड'चा 'च' झाला. हा 'चा' खुष्कीच्या मार्गाने इराणात जाऊन 'चाय' बनला. आपल्या शहरातील इराणी हॉटेलांची चाय ती हीच. मकाव येथील पोर्तुगीजांनीही 'चा'च उचलला. फुजियन किनाऱ्यावरील बोलीत मात्र 'ते' राहिले. ते डच व्यापाऱ्यांनी युरोपात नेले व इंग्रजांकडून 'टी' होऊन आपल्याकडे आले.

घरात 'चहा' म्हणावे, हा आमचाही आग्रह. पण त्यासाठी शुद्धतेचा दाखला मागू नये, तो मिळणार नाही. गंमत अशी की, 'टी' म्हणताना आपली जीभ पुन्हा त्या जुन्या 'ड'प्रमाणे मूर्धेकडे वळते. हा अर्थात निव्वळ योगायोग. इंग्रजांचा 'त' आपल्या कानांना 'ट' वाटला, इतकेच.