शेजारच्या राजाकडे दाद : सेंदाईच्या सीमेवरचे १८५३ साल

सेंदाईत नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एक गंमत कळते. हे शहर वसवणारा सरदार 'दाते' होता! दाते मासामुने. एका डोळ्याचा, शूर आणि भलताच हौशी. आओबा किल्ल्यावरचा त्याचा अश्वारूढ पुतळा पाहिला, की शिवाजी महाराजांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. आपल्या सोलापूरच्या पंचांगवाल्या दात्यांशी या घराण्याचा अर्थातच काही संबंध नाही, पण देशातून आलेले आईवडील हा प्रश्न हमखास विचारतात.

पुतळ्यापाशी फोटो काढून आपण खाली उतरतो. मासामुनेच्या वंशजांच्या कारकिर्दीत याच सेंदाई संस्थानाच्या उत्तर सीमेवर एक विलक्षण गोष्ट घडली, ती मात्र सहसा कोणी सांगत नाही. १८५३ साली शेजारच्या संस्थानातले हजारो शेतकरी, कोळी आणि मीठवाले आपल्या राजाविरुद्ध दाद मागायला डोंगर ओलांडून सेंदाईच्या हद्दीत आले. जपानी इतिहासात याला 'सानहेइ इक्की' म्हणतात. इक्की म्हणजे एकजुटीने केलेला उठाव. सानहेइ म्हणजे 'तीन हेइ', अर्थात ओत्सुची, मियाको आणि नोदा या तीन महालांचा किनारपट्टीचा मुलूख. आज तो इवाते प्रांतात मोडतो. २०११ च्या सुनामीनंतर कामाइशी, ओत्सुची, मियाको ही नावे आपल्याला बातम्यांतून तोंडपाठ झाली. तोच हा किनारा.

त्या वेळी हा सगळा भाग मोरिओकाच्या नांबू घराण्याचा होता. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, सपाट जमीन कमी आणि उन्हाळ्यात ईशान्येकडून येणारा थंड वारा. हा वारा एकदा बसला की भाताचे दाणे भरतच नाहीत. त्यामुळे पोट चालायचे ते मासे, मीठ, लोखंड आणि बैलाघोड्यांवरून होणाऱ्या मालवाहतुकीवर. सरकारच्या डोळ्यात भरणारी कमाई नेमकी हीच. भातावरचा सारा ठरलेला असतो, पण मीठ, मासळी आणि ओझ्याची जनावरे यांच्यावर कर बसवायचा तर हवी ती निमित्ते सापडतात. नांबूंचा दरबार कर्जात बुडालेला होता आणि खर्च आवरायची कुणाची तयारी नव्हती.

दरबाराने घरटी एक पट्टी बसवली आणि सोबत आश्वासन दिले की, ही पट्टी भरा, मग वरचेवर जादा रकमा मागणार नाही. लोकांनी पट्टी भरली. तरी १८४७ मध्ये या किनाऱ्यावर पन्नास हजार र्‍योंहून अधिक रकमेची सक्तीची वसुली लादली गेली. (र्‍यो हे सोन्याचे नाणे.) आपल्याकडे कर वाढला म्हणून लोक कुरकुरतात, पण दिलेला शब्द मोडला की चिडतात. तिथेही तसेच झाले.

जमाव करणे ही काही साधी गोष्ट नव्हती. तोकुगावा राजवटीत गट बांधणे, जमावाने दाद मागणे आणि गाव सोडून सामुदायिक पलायन करणे हे तिन्ही गुन्हे होते. १७७० मध्ये शोगुन सरकारने याबद्दल गावोगावी जाहीर फलकच लावले. कट करणाऱ्यांची खबर देणाऱ्याला चांदीची शंभर नाणी, शिवाय आडनाव लावण्याचा आणि तलवार बाळगण्याचा मान. गावात पोलीस नाही, चौकी नाही, कायद्याची सारी भिस्त शेजाऱ्याने शेजाऱ्याला धरून देण्यावर! त्यावर जपानी शेतकऱ्यांनी काढलेली तोडही पाहण्यासारखी आहे. अर्जावर सह्या करायच्या त्या वर्तुळात, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या. पहिली सही कुणाची आणि शेवटची कुणाची, हे कुणाला सांगता येऊ नये. कारण अर्ज मान्य झाला तरी म्होरक्याचे डोके उडवण्याची पद्धत होती.

१८४७ च्या हिवाळ्यात बारा हजारांच्या आसपास लोक डोंगर ओलांडून तोनोला गेले. तोनो म्हणजे नांबूंच्याच एका शाखेची गादी. मोरिओकाच्या राजधानीवर चाल करण्याऐवजी त्यांनी हे मधले दार ठोठावले. तिथल्या अधिकाऱ्यांनी ऐकून घेतले, काही मागण्या मान्य केल्या, लोक घरी परतले. या उठावाचे पुढारी होते किरिउशी गावचे वयोवृद्ध यागोबेइ. गावोगाव हिंडून त्यांनी माणसे जोडली होती. थोड्याच काळात दरबाराने सगळी आश्वासने गुंडाळून ठेवली. यागोबेइंना पकडले आणि १८४८ मध्ये तुरुंगात ठार केले.

पाच वर्षांनी लोक पुन्हा उठले. या वेळी ते आपल्या राजाकडे गेले नाहीत, त्याच्या भाऊबंदाकडेही नाही. ते सरळ परक्याच्या हद्दीत गेले.

तो १८५३ चा उन्हाळा होता. कमोडोर पेरीची काळी जहाजे एदोच्या उपसागरात आली, तो हाच उन्हाळा. शाळेच्या पुस्तकात त्या वर्षी जहाजेच दिसतात. इथे उत्तरेत टानोहाटाचे तासुके आणि कुरिबायाशी गावचे मिउरा मेइसुके यांच्यासारख्या पुढाऱ्यांबरोबर सोळा हजारांवर लोक रस्त्यावर आले. त्यांच्या निशाणावर दोनच खुणा होत्या : 'लहान' हे अक्षर आणि एक वर्तुळ. जपानीत वाचले तर 'को-मारू', आणि 'कोमारू' म्हणजे 'आम्ही अडचणीत आहोत'. निशाणावर शब्दांची कोटी करणारे हे लोक अडाणी म्हणून गणले जात होते!

यांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास लोक डोंगरातून उतरून सेंदाई संस्थानाच्या तोनी गावात दाखल झाले. (तोनी आज कामाइशी शहराचाच भाग आहे.) सरहद्द ओलांडताच नांबूंच्या शिपायांना त्यांच्यामागे येता येईना. दुसऱ्याच्या मुलखात सशस्त्र माणसे घालणे म्हणजे युद्धच. त्यातून दाते आणि नांबू ही जुनी वैरी घराणी. ज्या सीमेने सरदारांची भांडणे थांबत, तीच सीमा या लोकांनी ढालीसारखी वापरली.

सेंदाईच्या अधिकाऱ्यांपुढे त्यांनी ज्या मागण्या ठेवल्या, त्या आज वाचल्या तरी माणूस चकित होतो. करांबद्दलची एकोणपन्नास कलमे होतीच, अधिकाऱ्यांची भरमसाट वाढलेली संख्या कमी करा असेही त्यात होते. (हे कलम महाराष्ट्रात कुणीही, केव्हाही मांडावे.) पण त्याआधी तीन गोष्टी होत्या. गादीवरून दूर केलेल्या तोशितोमोला परत आणा, कारण त्याचा बाप तोशितादा निवृत्त म्हणवूनही सगळा कारभार आपल्याच हाती ठेवून आहे. आम्हा किनाऱ्याच्या लोकांना सेंदाईची रयत करून घ्या. आणि तेही जमत नसेल, तर आमचा मुलूख शोगुनच्या किंवा सेंदाईच्या ताब्यात घ्या. म्हणजे राजा बदला, नाहीतर आम्हीच राजा बदलतो.

आता सेंदाईकरांची पंचाईत झाली. त्या वेळी दाते योशिकुनी गादीवर होते. या लोकांना ठेवून घ्यावे तर शेजाऱ्याची रयत पळवल्याचा ठपका, हाकलून द्यावे तर सीमेवर दंगल, आणि दोन्हीपैकी काहीही झाले तरी एदोत बोभाटा. सेंदाई संस्थान म्हणजे काही धर्मराजाचा दरबार नव्हता, हेही सांगायला हवे. १७९७ मध्ये त्यांच्याच उत्तर भागात शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला होता. भुकेला जमाव काय करू शकतो हे त्यांनी पाहिले होते. त्यातच नांबूंची नाचक्की होत असेल तर दात्यांना ती कडू लागण्याचे कारण नव्हते.

शेवटी बहुतेकांना परत पाठवून पंचेचाळीस प्रतिनिधी सेंदाईच्या हद्दीत ठेवून घेण्यात आले. नांबूंकडून निरोप येत राहिले, आमची माणसे आमच्या ताब्यात द्या. ही पंचेचाळीस माणसे मात्र एका गोष्टीवर अडून बसली. कलमे मान्य करा आणि आमच्यापैकी कुणालाही शिक्षा होणार नाही, हे लिहून द्या. तोंडी नको. यागोबेइंचे काय झाले ते त्यांनी पाहिले होते. वाटाघाटी महिनोन्‌महिने चालल्या. शरद ऋतू सरता सरता नांबूंनी एकोणपन्नासपैकी एकोणचाळीस कलमे मान्य केली, शिक्षा न करण्याचा लेखी कागद दिला, आणि मगच ते पंचेचाळीस जण घरी गेले. तोशितोमो काही परत आला नाही. पण दोनशेहून अधिक अधिकाऱ्यांवर कारवाई झाली आणि पुढच्या वर्षी शोगुन सरकारने तोशितादाला नजरकैदेत टाकले. त्या काळातल्या उठावांत असा निकाल फारच थोड्यांच्या वाट्याला आला.

हे वाचताना आपल्याकडचा उमाजी नाईक आठवतो. पुरंदरचे रामोशी पिढ्यान्‌पिढ्या गडाची आणि गावाची राखण करत. म्हणजे कायदा राखणारे तेच. १८१८ मध्ये पेशवाई गेली, कंपनी सरकार आले आणि त्यांचे वतनी हक्क कमी झाले. मग राखणदारच दरोडेखोर ठरले. उमाजीला पकडता येईना, तेव्हा कंपनीने त्याला माफी देऊन बंदोबस्ताच्याच कामावर नेमले. ते फार दिवस टिकले नाही. पुन्हा बंड, पुन्हा बक्षिसांचे जाहीरनामे, मग फितुरी. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्याला फाशी दिली. कॅप्टन मॅकिंटॉश या त्याच्या पाठलागावरच्या अधिकाऱ्याने पुढच्याच वर्षी रामोशांवर पुस्तक काढले. उमाजीलाही दुसऱ्या राजाचा आसरा हवा होता. पण सातारा, भोर, कोल्हापूर, कुठेही गेले तरी वर कंपनीच. तोनीसारखे गाव त्याच्या नशिबात नव्हते.

त्याच सुमारास आयर्लंडमध्येही हाच खेळ चालू होता. खंड आणि चर्चचा दशमांश यांनी गांजलेली कुळे रात्री टोळ्या करून हिंडत. १८२१ ते १८२४ मध्ये 'कॅप्टन रॉक' या बनावट नावाने जमीनदारांना धमकीची पत्रे जात. रॉबर्ट पीलने १८१४ मध्ये तिथे खास पोलीस दल उभे केले होते, १८२२ मध्ये त्याची जागा घेणारे मोठे दल आले : हत्यारबंद, बराकीत राहणारे, गावाला नव्हे तर सरकारला बांधलेले. नेपियरने १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर तिथले पोलीस याच नमुन्यावर घडवले आणि तो नमुना पुढे हिंदुस्थानात पसरला. तेव्हा लहानपणी ज्या फौजदाराला आपण घाबरायचो, त्याचे आजोळ आयर्लंडात निघते म्हणायचे!

सुपे गावची हकिकत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. १२ मे १८७५, बाजाराचा दिवस. भीमथडीच्या कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने फोडली. त्यांना हवे होते ते कर्जरोखे आणि हुकूमनामे. जिथे ते मुकाट्याने मिळाले तिथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही. कागदांची होळी झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सुप्याचा कुणबी कागद जाळत होता, कारण तो न वाचता अंगठा दिलेला कागद कोर्टात त्याच्याच मानेवर बसत होता. तोनीचा कोळी कागद मागत होता, कारण त्याच्याजवळ राजाच्या शब्दाखेरीज दुसरे काहीच नव्हते.

तो कागद किती टिकला? उठावाबद्दल म्हणून कुणाला शिक्षा झाली नाही. मिउरा मेइसुकेची कथा मात्र तिथे संपत नाही. जनावरांवर माल लादून व्यापार करणारा हा माणूस उठावानंतर गावचा कारभारी झाला, पण १८५४ मध्ये गावच्या भांडणात अडकून सेंदाईच्या हद्दीत पळाला. तिथे त्याने संन्याशाचा वेष घेतला, पुढे क्योतोला जाऊन निजो या दरबारी उमराव घराण्याचा सेवक झाला. १८५७ मध्ये कमरेला दोन तलवारी लावून तो नांबूंच्या मुलखात परत आला, आणि पकडला गेला. मोरिओकाच्या तुरुंगात त्याने सहा वर्षांहून अधिक काळ काढला आणि १८६४ मध्ये तिथेच त्याचा अंत झाला.

तुरुंगातून त्याने घरच्यांसाठी वह्या लिहून पाठवल्या. त्या आजही उपलब्ध आहेत. त्यांत शेती, व्यापार आणि तब्येतीबद्दल बारीकसारीक सूचना आहेत, आणि बायकामुलांना एक सल्ला आहे : नांबूंच्या राज्यात राहू नका, उत्तरेला मात्सुमाएला, म्हणजे आजच्या होक्काइदोत जा आणि थेट शोगुनची रयत व्हा.