पत्रलेखनात बीजगणिताचा उपयोग

बीजगणिताच्या तासाला मुले हटकून विचारतात, "सर, या 'क्ष'चा व्यवहारात उपयोग काय?" मी त्यांना नवव्या शतकातल्या अल्-ख्वारिझ्मीविषयी सांगतो. अज्ञात राशीला तो अरबीत 'शै', म्हणजे नुसती 'वस्तू', म्हणे. आपले भास्कराचार्य तिला 'यावत्तावत्' म्हणत. मुलांचे तेवढ्याने समाधान होत नाही. खरा उपयोग मलाही संगणकावर पत्रे लिहिताना कळला, आणि तोही चूक झाल्यावर.

एका संस्थेची शिष्यवृत्तीची पत्रे मी कन्नड, मराठी व इंग्रजीत तयार केली होती. विद्यार्थी ४८, प्रत्येकी १५०० रुपये, एकूण ७२,०००. पुढे दर १७५० ठरला. मी सर्वत्र दुरुस्ती केली, अशी माझी समजूत होती. पण मराठी पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात जुनाच आकडा राहिला. एका मुलाचे वडील दिवसाची मजुरी बुडवून बेलूरहून आले. "गुरुजी, अडीचशे कापले का?" माझी मान खाली गेली.

आकडा जागोजागी न लिहिता त्याला नाव द्यावे, एवढेच यातले रहस्य. २०१० साली सुरू झालेला 'लिबरऑफिस' हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्याच्या 'रायटर'मध्ये कंट्रोल व एफ-२ ह्या कळा एकत्र दाबल्या की 'फील्ड्स'ची चौकट उघडते. तीत 'व्हेरिएबल्स' या पानावर 'यूजर फील्ड' निवडून 'दर' असे नाव व १५०० ही किंमत द्यावी. नाव रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता लिहिलेले बरे. स्वरूप मात्र संख्येचे निवडावे. मजकुराचे निवडल्यास हिशेब होत नाही. 'संख्या' हे दुसरे नाव करून त्याला ४८ द्यावे. मग त्याच पानावरच्या 'इन्सर्ट फॉर्म्युला'त दर, तारकाचिन्ह, संख्या असे लिहिले की ७२,००० उमटतात. गुणाकाराला फुली चालत नाही. माझी पहिली संध्याकाळ त्यातच गेली! पुढे दराची किंमत १७५० केली की तिन्ही भाषांतले दर बदलतात आणि बेरीज ८४,००० होते.

तेथेच 'सेट व्हेरिएबल' असाही प्रकार आहे. त्याची किंमत लिहिल्या जागेपासून खालीच लागू होते, वरच्या मजकुराला नाही. म्हणून पत्रांसाठी 'यूजर फील्ड'च योग्य.

मायक्रोसॉफ्टच्या 'वर्ड'मध्येही अशी सूत्रे घालता येतात. परंतु तक्त्यातला आकडा बदलल्यावर खालची बेरीज आपोआप बदलत नाही. सर्व मजकूर निवडून एफ-९ दाबावी लागते. ही कळ विसरल्यास नवे आकडे व जुनी बेरीज एकाच कागदावर छापली जाते, आणि कागद मात्र अगदी नीटनेटका दिसतो. मी अजून छापण्यापूर्वी एक गुणाकार हाताने करून पाहतो.